तेहतीस फुटांची साखळी

1847 साल. एका लांबट खोलीच्या दाराशी तुम्ही उभे आहात. आत मोठ्या टेबलावर नकाशे पसरलेत, कागद वाऱ्याने उलटू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वजनं ठेवलीत. टेबलाशी मुंबई इलाख्याच्या मोजणी खात्याचे तीन अधिकारी बसलेत: गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन. वेगवेगळ्या मुलखांत तिघांनी हजारो शेतं मोजून घेतली आहेत. प्रत्येकाची रीत थोडी निराळी, प्रत्येकाचा अनुभव निराळा. आता सगळ्या इलाख्याला पुरतील असे सारखे नियम ठरवायचे आहेत.

तुम्ही भूमापनाच्या धंद्यातले. पुढच्या आठवड्यात नकाशे आणि भूमाहितीच्या एका विभागीय परिषदेत तुम्हाला बोलायचं आहे, विषय अचूकता. म्हणून तुम्हाला इथे आणलं. या तिघांची बैठकही परिषदच आहे, आपल्या मुलखातली बहुधा सगळ्यांत परिणामकारक. इथून निघालेला संयुक्त अहवाल शे-दीडशे वर्षं महाराष्ट्राच्या शेताशेतावर राज्य करणार आहे.

बोलणं पुन्हापुन्हा प्रिंगल या आधीच्या अधिकाऱ्यावर येतं. 1827-28च्या सुमारास त्याने पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली, जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं बारीक गणित मांडलं. कागदावर गणित देखणं होतं. शेतावर मात्र हाताखालच्या माणसांनी आकडे मनाने भरले, पैसे खाल्ले, आणि आकारणी इतकी चढली की लोक जमिनी टाकून निघून गेले. इंदापूर उजाड पडायची वेळ आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये तिथूनच नव्याने सुरुवात केली होती. त्यामुळे या टेबलावर गणिताचं कौतुक कमी आहे. नियम साधे हवेत, तपासता येतील असे हवेत, असा सूर आहे. एका बैलजोडीने वाहता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर. नंबराच्या कोपऱ्यांवर मातीचे बुरूज नाही तर दगड. आकार ठरला की तीस वर्षं हलायचा नाही. शेतकऱ्याने मधल्या काळात विहीर खणली, बांध घातला, तर त्याबद्दल एक पैसाही वाढवायचा नाही.

हे तीस वर्षांचं वचन ऐकताना मान आपसूक डोलते. परक्या सरकारच्या कारभारात रयतेला इतकी लांबची खात्री क्वचितच मिळाली असेल. पण बैलजोडीचं माप कानावर पडताच तुम्ही थबकता. हे माप देशावरच्या कोरडवाहू रानाचं. कोकणपट्टीत भाताची खाचरं असतात, एकेक गुंठा-दोन गुंठ्यांची, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी. तिथे हा नियम कसा बसणार?

तेच बघायला पामला जायचं. पालघर तालुक्यातलं, बोईसरजवळचं पाम.

जाता जाता गोव्यात घडीभर थांबा. 1635 साल. आंतोनियु बोकारू पोर्तुगालच्या राजासाठी पूर्वेकडच्या किल्ल्यांची बखर लिहितोय आणि पेद्रू बार्रेतु द रेझेंद त्यासाठी किल्ल्यांची चित्रं काढतोय. त्यात पामजवळच्या तारापूरचा कोट आहे. राजाला हवी होती तटबंदी, तोफा आणि वसूल. किल्ल्याच्या पाठीमागच्या खाचरांत कोण राबतं, हे विचारायला राजाने कुणाला पाठवलंच नव्हतं. 1739च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो कोट घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथे कामी आले. झेंडा बदलला. शेतसारा मात्र पुढेही गावोगाव ठोकळ हिशेबानेच राहिला. हुंडाबंदी, टोकाबंदी, मुडाबंदी अशी त्याची नावं. इतक्या जमिनीचे इतके मुडे भात, असा वहिवाटीचा बोल. शेताला आकार नव्हता, बोलाला होता.

आता पामला उतरा. 1860च्या दशकाची सुरुवात, पौष महिना. भात कापून झालंय, खाचरांत धसकटं उभी आहेत, मातीला पडलेल्या भेगांत पाय अडकतो. हा मुलूख ठाणे जिल्ह्यात, कारभार किनाऱ्यावरच्या माहीमहून चालतो. पूर्वेला बडोदा लाइनीचा भराव पडतोय. 1864 मध्ये मुंबई ते अहमदाबाद गाडी सलग धावू लागेल. मुंबईचा धूर अजून इथे पोचलेला नाही. ताडांच्या रांगा, पेंढ्यांची उडवी, पश्चिमेकडून येणारा खाडीचा खारट वारा.

मोजणीची टोळी आली आहे. मोजणीदार, साखळी ओढणारे दोघे, निशाणं धरणारी पोरं, आणि एकाच्या खांद्यावर शंकू. लाकडी ठोकळ्यावर काटकोनात दोन चिरा आणि खाली टोकदार दांडा, एवढंच ते यंत्र. एका चिरेतून मूळ रेघेवरचं निशाण बघायचं, दुसरीतून बांधाचा कोपरा. दोन्ही एकदम दिसले की तिथून लंब टाकायचा.

सगळं सुरू होण्याआधी मोजणीदार जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये साखळी लावून बघतो. जवळ जा, नीट बघा. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. रोजच्या ओढाताणीने कड्या ताणतात आणि साखळी लांबते. ती एक इंचाने लांबली तर एकरामागे दोनशे चौरस फुटांहून जास्त जमीन कागदावर कमी भरते. उलट कड्या एकमेकींत गुंतून साखळी आखडली की शेत कागदावर मोठं होतं आणि सारा वाढतो. म्हणून रोज सकाळी खुंट्यांशी ताळा. आज आपण ज्याला कॅलिब्रेशन म्हणतो ते इथे दव वाळायच्या आत उरकलेलं असतं.

टोळी पहिल्या खाचरात शिरते.

"पाटील, हा बांध कुणाचा?"

पाटील हात करून दाखवतो. इकडचं अमक्याचं, पलीकडचं तमक्याचं. मोजणीदार दोन्ही बाजूंच्या लोकांना बांधावर उभं करतो, हुज्जत असेल तर आत्ताच बोला म्हणतो. कुणी बोलत नाही. मग साखळी पडते. ओढणारा ओरडतो, "तीन साखळ्या, सात आणे!" कारकून टिपणात मूळ रेघ ओढतो, तिच्यावर 3-7 लिहितो, डावीकडे लंब, त्याचे आणे. टिपणाला प्रमाण नसतं. हाताने काढलेलं वाकडंतिकडं चित्र आणि त्यावर काटेकोर आकडे. पण या आकड्यांवरून दीडशे वर्षांनीसुद्धा तो कोपरा पुन्हा जमिनीवर उतरवता येतो. माझ्या मते आपल्या भूमापनाने केलेलं सर्वांत थोर काम ते हेच. रंगीत नकाशे फाटले, वाळवीने खाल्ले. टिपणं जिथे राहिली तिथे शेतं राहिली.

बैलजोडीचा प्रश्न इथे जमिनीवर सुटतो. लहान खाचरं एका नंबरात एकत्र घ्यायची, आत ज्याचे त्याचे हिस्से. मागून प्रतबंदीवाला येतो, मातीची ढेकळं फोडतो, पाणी कुठवर टिकतं ते विचारतो आणि जमिनीची प्रत आण्यांत लावतो. खाडीकडच्या खाऱ्या भाताची गोष्ट निराळी, वरच्या गोड्या भाताची निराळी. सगळ्यांत वरचं वरकस. तिथे नागली-वरी होते, गवत होतं, आणि भाताची रोपं करण्याआधी राब भाजायला लागणाऱ्या पाला-फांद्या तिथूनच येतात. भाताचं खाचर वरकसावर जगतं. पण खाचरासारखी वरकसाची इंच इंच मोजणी होत नाही.

आता टोळीच्या पाठीमागे बघा. बांधापासून थोडा दूर एक वारली उभा आहे. कमरेला आकडा, त्यात कोयता. पाटलाने मघाशी ज्याचं नाव सांगितलं तो खातेदार आज गावातच नाही. खाचर हा माणूस लावतो. आईबापांनीही तेच लावलं. मोजणीदार त्याला बुरुजासाठी माती आणायला सांगतो. तो आणतो, कोपऱ्यावर ढीग रचतो, पायाने दाबतो. टिपणात त्याच्यासाठी रकाना नाही. सारा जो भरतो त्याचं नाव लागतं, आणि सारा भरण्याजोगा पैसा या वारल्याच्या हातात कधी आलेला नाही.

तुम्ही इथे काही बदलू शकत नाही. पण हे लक्षात ठेवा की त्या बुरुजाची जागा त्या क्षणी सगळ्यांत पक्की ठाऊक असलेला माणूस तोच होता.

पुढचं भराभर. 1903 मध्ये हक्कनोंदीचा कायदा येतो, पुढे त्यातूनच सात-बारा आकाराला येतो. सावकारांची खाती फुगतात. 1945 मध्ये उंबरगाव-डहाणूकडे वारली उठतात, गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यावर हिंडतात, वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबवून घेणारी लग्नगडीची प्रथा मोडून निघते. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कायद्याने कूळ जमिनीचं मालक ठरतं. आता टिपणाशेजारी नवं नाव चढायला हवं. काहींचं चढलं. ज्यांच्याकडे कूळ म्हणून कागद नव्हता त्यांनी काय दाखवायचं? बुरूज आपण रचला, याची पावती कुणाला मिळते?

1970चं दशक. पुन्हा पाम, पुन्हा हिवाळा. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला तारापूरचं अणुवीज केंद्र. 1969 मध्ये ते सुरू झालं, देशातलं पहिलं. आता 1961च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या औद्योगिक विकास महामंडळाला बोईसरच्या परिसरात वसाहत उभारायची आहे. जमीन संपादनासाठी कलम 32च्या नोटिसा निघाल्यात. गावागावांत संयुक्त मोजणी लागली आहे: महामंडळाचा माणूस, महसूलचा माणूस, आणि भूमी अभिलेखचा भूकरमापक. तो फलक यंत्र घेऊन आलाय. तीन पायांवर पाट, पाटावर कागद, कागदावर जुना नकाशा. तिवड्याचा दगड सापडत नाही. तीन शिवा जिथे मिळतात तो दगड सापडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. दोन तास झुडपं तोडली जातात. शेवटी एक म्हातारा काठीने एक जागा ठोकतो, "इथं खणा." दीड हातावर दगड लागतो.

त्या दगडावरून आखलेल्या रेघेने भूखंड पडतात. पी-वन, टी-सेव्हन अशी त्यांना नावं मिळतात, भोवती रस्ते, गटारं. मोबदला सात-बारावरच्या नावाला. झाडं मोजतात, विहिरी मोजतात. वरकसावरून गवत आणि सरपण आणणाऱ्या बाईचं काय गेलं ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. खाजणात निवट्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्यांचंही नाही. दगड दाखवणाऱ्या म्हाताऱ्याचा पंचनाम्यावर अंगठा घेतात. जमीन त्याच्या नावावर नाही.

मला यातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट ही वाटते की मोजणी चुकली नव्हती. आकडे बरोबर होते.

चूक दुसरीकडे दिसू लागते, आणि ती दिसायला काही वर्षं जातात. सांडपाणी भूखंडाच्या हद्दी पाळत नाही. नाल्यातून खाडीत, खाडीतून नवापूर-दांडी-मुरब्याच्या दर्यात ते जातं. मच्छीमाराला आपलं पाणी ठाऊक असतं. डोलीची जाळी जिथे लावायची त्या कवींच्या जागा किनाऱ्यावरच्या खुणा एका रेघेत धरून पाठ असतात. तेही भूमापनच, फक्त कागदाविना. त्या जागांवर मासळी घटली हे कळायला त्याला प्रयोगशाळा लागली नाही, सिद्ध करायला मात्र लागली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली आणि 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी केंद्राला भरपाईचा आदेश दिला.

आणि या साऱ्या वर्षांत गावकऱ्याला आपल्या मुलखाचा भूरूपनकाशा हवा असता तर? भारतीय सर्वेक्षणाचं 47 ए हे भूपत्रक. किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्यातली भूपत्रकं संरक्षणाच्या कारणाने सामान्य माणसाला मिळत नसत. 2005चं राष्ट्रीय नकाशा धोरण आलं तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. पुढे 2021च्या फेब्रुवारीत भूमाहितीचे निर्बंध आणखी सैल झाले, 2022च्या शेवटी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. तुमच्या परिषदेत या दोन तारखांचं कौतुक होईल आणि ते योग्यच आहे. कौतुक करताना एवढं आठवा की आधीची कित्येक वर्षं पामच्या माणसाने आपलं गाव वरून कसं दिसतं ते न बघता त्याबद्दलच्या कागदांवर सह्या केल्या.

आता आजच्या दिवसात या. एक ऑगस्ट 2014 पासून पालघर हा वेगळा जिल्हा आहे. त्याच्यावर सध्या जितक्या रेघा ओढल्या जातायत तितक्या याआधी कधीच ओढल्या गेल्या नसतील: मालगाड्यांचा समर्पित मार्ग, बोईसरला थांबणारी बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग, वाढवणचं बंदर. बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी हवेतून लिडारने जमीन टिपली. दोन खुंट्यांमधली साखळी ते आकाशातला लेसर, एवढा पल्ला तुमच्या व्यवसायाने गाठला आहे.

पामच्या एका उरल्यासुरल्या भातखाचराच्या बांधावर भूकरमापक रोव्हर घेऊन उभा आहे. दांड्यावर पांढरी तबकडी, हातात टॅब्लेट. उपग्रह आणि जमिनीवरची कॉर्स संदर्भस्थानकं मिळून तो कुठे उभा आहे हे त्याला काही सेंटिमीटरांच्या फरकाने सांगतायत. तुमच्या खिशातला मोबाइल हेच सांगताना दोन-चार मीटर इकडेतिकडे जातो, आणि एका गुंठ्याच्या चौकोनाची बाजू असते जेमतेम दहा मीटर. म्हणून रोव्हर हवाच. जमिनीचे तंटे त्याने झपाट्याने मिटू शकतात, महिनोन् महिने अडकलेल्या मोजण्या एका दिवसात होतात. मी त्याच्या बाजूचा आहे.

पण बघा, भूकरमापक अडलाय. रोव्हर तो उभा आहे ती जागा सांगतो. उभं कुठे राहायचं, ते सांगत नाही. जुन्या गावनकाशावर अक्षांश-रेखांश नाहीतच. 1802 मध्ये लॅम्बटनने मद्रासहून सुरू केलेलं त्रिकोणमापन डोंगरमाथ्यांवरून गेलं आणि महसुलाची साखळी गावागावांतून. दोघांची गाठ त्या काळी मारली गेली नाही. म्हणून स्कॅन केलेला नकाशा उपग्रहचित्रावर बसवला की एका शिवेवर दोन गावं एकमेकांवर चढतात, दुसरीवर मध्ये कुणाचीच नसलेली पट्टी उरते. हे सारं जुळवायचं ते टिपणातल्या आण्यांवरून आणि जमिनीवर टिकलेल्या खुणांवरून. खुणा दाखवायच्या कुणी?

तुमच्या भाषणातला अचूकतेचा तक्ता मी वाचला आहे. त्यात उपग्रहाची चूक आहे, वातावरणाची आहे, यंत्राची आहे. माणूस विचारलाच नाही त्या चुकीचा रकाना घाला. कायद्याने तसा रकाना एकदा उघडलेला आहे: 2006च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा याही खुणा चालतात. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर लोकांनी तसे दावे केले. जे जंगलजमिनीला चालतं ते खाचराला, खाजणाला, दर्यातल्या कवीला का चालू नये? आणि पुढची परिषद पंचतारांकित हॉटेलात न भरवता पामच्या शाळेत भरवा, भूकरमापकांना आणि गावकऱ्यांना वक्त्यांच्या यादीत घ्या. पहिलं सत्र बांधावर.

भूकरमापक नोटिशीवरची लगतच्या खातेदारांची नावं पुकारतो. दोघे आलेत. दोघे दोन जागा दाखवतात, मध्ये हातभर अंतर. मागे एक बाई गवताचा भारा उतरवून उभी आहे. तिचं नाव यादीत नाही.

"आजी, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"बुरूज होता ना. हां, तिकडं. माझा सासरा पावसाळ्याअगोदर त्याला माती लावायचा." ती चार पावलं चालते आणि पायाने जागा दाखवते. तिसरीच.

तो टिपणाची नक्कल उघडतो. मूळ रेघेवर तीन साखळ्या सात आणे, लंब पाच आणे. हिशेब करतो, रोव्हर घेऊन तिने दाखवलेल्या जागी जातो, दांड्याचा बुडबुडा मध्ये आणतो. आकडे येतात. आण्याचाही फरक नाही. दोघे खातेदार एकमेकांकडे बघतात आणि मान हलवतात.

पंचनाम्याच्या छापील नमुन्यात खातेदार आणि पंच एवढेच रकाने आहेत. भूकरमापक पान उलटतो, कोऱ्या बाजूवर तारीख घालतो आणि विचारतो, "आजी, पूर्ण नाव सांगा. सासऱ्यांचंही."